आधी झेंडा, मग धाव

टीव्हीवर मोटर रेस चालू असते. एखादी गाडी वळणावर सुटते आणि कठड्यावर आदळते. चाकं निखळतात, धूर निघतो, आत माणूस असतो. आणि कठड्यामागे उभा असलेला केशरी कपड्यांतला मार्शल, म्हणजे ट्रॅकवर सुरक्षेचं काम बघणारा माणूस, सगळ्यात आधी काय करतो, तर पिवळा झेंडा हलवायला लागतो. घरात बसून बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो: अरे, धाव ना! पण त्या क्षणी त्याच्या हातून होण्यासारखी सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच असते. हे कळायला या खेळाला बरीच वर्षं लागली आणि त्यात माणसं गेली.

इंदूरच्या आपल्या मंडळींसाठी हा विषय आता परक्या देशातला राहिलेला नाही. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात २०२१ साली ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक सुरू झाला. तो गाड्यांच्या चाचण्यांसाठी आहे, शर्यतींसाठी नाही. पण पीथमपूरलाच बाहा एसएई इंडिया ही इंजिनिअरिंग कॉलेजांची स्पर्धा कित्येक वर्षं भरत आली आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांची मुलं स्वतः जोडलेल्या गाड्या ट्रकवर चढवून इकडे येतात, आणि त्यांतल्या काहींचे मामा-मावशी इंदुरातच असतात. माझा भाचा अशाच एका चमूबरोबर आला होता. त्याने विचारलं, "मामा, गाडी पळवायच्या आधीच पाच सेकंदांत गाडीतून बाहेर पडून दाखवायला का लावतात?" प्रश्न छोटा होता, उत्तर लांबत गेलं. तेच इथे मांडतो.

पहिल्या धडकेची काळजी गाडी आणि ट्रॅक बनवतानाच घ्यावी लागते. धडक झाल्यावर तिच्यात कुणाला काही करता येत नाही. त्यानंतरच्या मिनिटभरात जे घडू शकतं, म्हणजे मागून येणारी गाडी, आग, विजेचा झटका, उडालेलं चाक, घाईने ओढलेली मान, त्याला मी इथे 'दुसरा अपघात' म्हणतो. मार्शलचं जवळजवळ सगळं शिक्षण हा दुसरा अपघात टाळण्यासाठी असतं.

ताशी २५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ७० मीटर कापते. ट्रॅकची रुंदी साधारण १२ ते १५ मीटर. जड अग्निशामक हातात घेऊन एवढं अंतर ओलांडायला धडधाकट माणसालाही तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात, निघताना दिसतही नसलेली गाडी अंगावर आलेली असते. दक्षिण आफ्रिकेत क्यालामीच्या फॉर्म्युला वन शर्यतीत ५ मार्च १९७७ रोजी नेमकं हेच झालं. रेन्झो झोर्झीची गाडी मुख्य सरळ पट्ट्यावर कडेला बंद पडली होती आणि तिला लहानशी आग लागली होती. समोरच्या बाजूने दोन मार्शल कुणाच्याही आदेशाची वाट न पाहता ट्रॅक ओलांडत धावले. मध्ये चढ असल्याने पलीकडून येणाऱ्या ड्रायव्हरांना ते दिसत नव्हते. पहिला थोडक्यात वाचला. दुसरा, १९ वर्षांचा फ्रेडरिक यान्सेन फान फ्यूरेन, टॉम प्राइसच्या गाडीखाली आला. त्याच्या हातातलं सुमारे १८ किलोचं अग्निशामक प्राइसच्या डोक्यावर आदळलं. दोघंही जागच्या जागी गेले. झोर्झी आपल्या गाडीतून सुखरूप बाहेर पडला होता.

त्या पोराच्या मनात धैर्याची कमी नव्हती. कमी होती ती त्याला थांबवणाऱ्या व्यवस्थेची. आज कुठल्याही बऱ्या ट्रॅकवर पहिला नियम हाच असतो: चालू ट्रॅकवर रेस कंट्रोलच्या, म्हणजे शर्यतीच्या नियंत्रण कक्षाच्या, परवानगीशिवाय पाय टाकायचा नाही, आणि टाकला तर येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची नाही. काम करणाऱ्यांवर लक्ष ठेवायला एक जण वेगळा असतो. तो गाडीला हात लावत नाही, जखमीकडे बघत नाही. त्याची नजर फक्त येणाऱ्या गाड्यांवर, आणि गाडी भरकटताना दिसली की शिट्टी. मला विचाराल तर त्या घोळक्यात सगळ्यात अवघड काम याचंच आहे, कारण मागे काय चाललंय ते बघायचा मोह त्याला आवरायचा असतो.

आता झेंड्यांकडे येऊ. एक पिवळा झेंडा हलतोय म्हणजे पुढे ट्रॅकवर किंवा कडेला धोका आहे, वेग कमी करा, ओव्हरटेक करू नका. दोन पिवळे झेंडे एकदम हलतायत म्हणजे ट्रॅक अडलेला आहे किंवा तिथे माणसं काम करताहेत. वेग बराच उतरवा आणि गाडी थांबवायची तयारी ठेवा. लाल झेंडा म्हणजे सत्रच थांबलं. ओव्हरटेकिंगवर आणि वेगावर सरसकट बंधन घालायचं असेल तर सेफ्टी कार ट्रॅकवर येते आणि सगळ्या गाड्या तिच्या मागे रांगेत चालतात.

हे सगळं असूनही २०१४ साली जपानच्या सुझुका ट्रॅकवर घात झाला. ५ ऑक्टोबरचा दिवस, पाऊस, उजेड कमी होत चाललेला. आड्रियान सुटिलची गाडी एका वळणावर घसरून कडेच्या टायरांवर आदळली. ती उचलायला साडेसहा टनांची क्रेनगाडी आत आली. दोन पिवळे झेंडे हलत होते. पुढच्याच फेरीत ज्यूल बियांकी त्याच जागी, त्याच ओल्या पट्ट्यावर घसरला. ट्रॅक सोडताना त्याचा वेग ताशी २१३ किलोमीटर होता, आणि क्रेनगाडीच्या मागच्या भागाखाली तो १२६ च्या वेगाने घुसला. नऊ महिने तो बेशुद्ध होता. १७ जुलै २०१५ ला गेला. चौकशीत म्हटलं गेलं की झेंडे असूनही त्याने वेग पुरेसा कमी केला नव्हता. हे खरं असेल, पण माझ्या मते अर्धंच आहे. 'वेग कमी करा' म्हणजे नेमका किती, हे रेसिंग ड्रायव्हरवर सोडलं की प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा थोडंच कमी करणार. जो जास्त कमी करेल तो मागे पडेल. माणसाच्या स्वभावाच्या आणि खेळाच्या गणिताच्या विरुद्ध जाणारा नियम टिकत नाही.

म्हणून २०१५ पासून फॉर्म्युला वनमध्ये 'व्हर्च्युअल सेफ्टी कार' आली. यात खरी गाडी ट्रॅकवर येत नाही. रेस कंट्रोलने बटण दाबलं की प्रत्येक ड्रायव्हरच्या स्टीअरिंगवरच्या पडद्यावर एक ठरावीक वेळ दिसते आणि ट्रॅकचा प्रत्येक तुकडा त्याहून कमी वेळात पार करायचा नसतो. सगळ्यांचा वेग एकाच प्रमाणात उतरतो, त्यामुळे कुणाचं नुकसान होत नाही आणि कुणाला चोरटा फायदाही मिळत नाही. मार्शलच्या सुरक्षेसाठी गेल्या काही दशकांत झालेल्या सुधारणांत मी ही सर्वांत वर ठेवतो, कारण तिने निर्णय ड्रायव्हरच्या मनावरून काढून घेतला.

तरीही प्रश्न संपला नाही. २०२२ साली त्याच सुझुकावर, पुन्हा पावसात, पियर गॅस्ली पाण्याच्या फवाऱ्यातून पुढे आला आणि त्याला ट्रॅकवर क्रेनगाडी दिसली. सेफ्टी कार तेव्हा ट्रॅकवर होती. तो मागून रांग गाठायला निघाला होता. तो वाचला आणि नंतर संतापून बोलला. त्याचा आणि बियांकीच्या मित्रपरिवाराचा तो संताप रास्त होता. जड यंत्र आणि धावती रेसगाडी एका वेळी एका ट्रॅकवर असता कामा नये, एवढी साधी गोष्ट आठ वर्षांनीही पक्की झालेली नव्हती.

आगीची गोष्ट वेगळी. तिथे थांबायला वेळच नसतो. हॉलंडमधल्या झांडफोर्टला २९ जुलै १९७३ रोजी रॉजर विल्यमसनची गाडी उलटी होऊन पेटली. तो आत अडकला होता. डेव्हिड पर्ली नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरने आपली गाडी थांबवली, धावत गेला आणि एकट्याने ती उलथवायचा प्रयत्न केला. जवळच्या मार्शलांच्या अंगावर साधे कपडे होते, आगीजवळ जाणं त्यांना शक्यच नव्हतं. बाकीच्या ड्रायव्हरांना वाटलं, आगीजवळ धडपडणारा पर्लीच त्या गाडीचा ड्रायव्हर आहे, म्हणजे माणूस बाहेर आलेला आहे. कुणी थांबलं नाही. शर्यत चालूच राहिली आणि विल्यमसन गेला. मला यातली सगळ्यात भयंकर गोष्ट आग वाटत नाही. आत माणूस आहे हे रेस थांबवू शकणाऱ्यांपर्यंत पोचलंच नाही, ते भयंकर आहे. आज प्रत्येक मार्शल पोस्टवर एकाचं काम फक्त रेडिओवर बोलण्याचं असतं: कुठली गाडी, ड्रायव्हर बाहेर की आत, हालचाल आहे की नाही, ट्रॅक मोकळा की अडलेला.

मग १९७८, इटलीतलं मोंझा. रॉनी पीटरसनची गाडी सुरुवातीच्या गर्दीत धडकून पेटली. सोबतच्या ड्रायव्हरांनी त्याला बाहेर काढलं, पण पोलिसांनी भोवती केलेल्या साखळीने डॉक्टर सिड वॉटकिन्स यांनाच अडवलं आणि रुग्णवाहिका यायला फार वेळ गेला. पीटरसन दुसऱ्या दिवशी गेला. वॉटकिन्स मेंदूचे शल्यविशारद होते आणि त्याच वर्षी फॉर्म्युला वनचे डॉक्टर म्हणून आले होते. त्यांनी अटी घातल्या: भूलतज्ज्ञ हवा, हेलिकॉप्टर हवं, आणि पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागोमाग डॉक्टर बसलेली गाडी धावली पाहिजे, कारण सगळ्यात जास्त गर्दी आणि टक्कर पहिल्या फेरीतच होते.

त्या अटीचं मोल ४२ वर्षांनी बहारीनमध्ये दिसलं. २९ नोव्हेंबर २०२०, पहिलीच फेरी. रोमँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटरने लोखंडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, आणि टाकी जवळजवळ भरलेली असल्याने भडका उडाला. डॉक्टरांची गाडी मागोमागच होती, काही सेकंदांत पोचली. एका मार्शलने अग्निशामक मारून ज्वाळा दाबल्या, तेवढ्यात डॉक्टर इयन रॉबर्ट्स पुढे झाले आणि ग्रोजाँ सुमारे २७ सेकंदांनी स्वतः बाहेर आला. हात भाजले, पण तो चालत गेला.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आग न धरणाऱ्या विशेष धाग्याचे कपडे, आतले मोजे, टोपी, हातमोजे हे सगळं माणसाला आगीपासून कायमचं वाचवत नाही. ते फक्त वेळ मिळवून देतं, तीही सेकंदांच्या हिशेबात. त्या वेळात पट्टा सोडून, स्टीअरिंग काढून बाहेर पडणं हे ड्रायव्हरच्या अंगवळणी पडलेलं असावं लागतं. घाबरलेल्या डोक्याला नवीन काही सुचत नाही, हात मात्र शिकवलेलं करतात. म्हणून बाहासारख्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतही पाच सेकंदांची ही परीक्षा आधी होते. आणि म्हणूनच इंजिन बंद करायचं बटण आत ड्रायव्हरच्या हाताशी असतं, तसंच एक बाहेरही असतं, म्हणजे तो बेशुद्ध असला तरी मार्शलला ते दाबता येतं.

धक्क्याबद्दल थोडं. बहारीनच्या त्या धडकेत ६७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट, इतका जोर मोजला गेला. म्हणजे क्षणभर ७५ किलोच्या माणसाचं शरीर पाच टनांचं असल्यासारखं पट्ट्यांवर ओढलं गेलं. असा धक्का माणूस सोसतो तो केवळ क्षणाचा असल्यामुळे, आणि गाडीचं नाक, कठडा, टायरांची रास या सगळ्यांनी तो थोडासा लांबवल्यामुळे. होळकर स्टेडियमवर जोरात आलेला झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे घेतो, तसाच हा प्रकार. पण पट्ट्यांनी छाती जागेवर धरली तरी डोकं आणि हेल्मेट पुढे जातंच, आणि कवटीच्या तळाला तडा जातो. अनेक ड्रायव्हर असे गेले. त्यावर अमेरिकेतले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी आपले मेहुणे, रेसर जिम डाउनिंग, यांच्यासाठी खांद्यांवर बसणारी एक कॉलर बनवली. तिला हेल्मेट दोरीने बांधलेलं असतं, त्यामुळे डोकं छातीबरोबरच थांबतं. तिचं नाव हान्स. १९८०च्या दशकात तयार असलेली ही वस्तू फॉर्म्युला वनमध्ये २००३ ला सक्तीची झाली. दोन दशकांचा हा उशीर मला आजही बोचतो. ड्रायव्हरांना ती गैरसोयीची वाटायची.

ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या 'हेलो' या टायटॅनियमच्या कमानीचंही तसंच झालं. वजन सात ते नऊ किलो, वरून सुमारे १२ टनांचा भार सोसते, २०१८ पासून सक्तीची. आली तेव्हा कुरूप म्हणून तिची बरीच निंदा झाली. बहारीनमध्ये कठडा ग्रोजाँच्या डोक्याऐवजी तिच्यावर आदळला. २०२२ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला झोऊ ग्वान्यूची गाडी उलटी घसरत, टायरांवरून उडून कठडा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत जाऊन अडकली. आतला माणूस शाबूत होता, पण त्याला बाहेर काढणं हीच एक वेगळी कसरत झाली.

जिथे आग नाही तिथे माणसाला ओढून काढायचं नसतं. मार्शल समोरून येतो, म्हणजे ड्रायव्हरला मान वळवावी लागत नाही. आधी अंगठा दाखवून विचारतो, ठीक आहेस का? ड्रायव्हरने अंगठा दाखवला तरी गाडीवरचा एक छोटा दिवा बघतो. धक्का ठरावीक मर्यादेपलीकडे गेला असेल तर तो दिवा आपोआप लागतो, आणि मग ड्रायव्हर कितीही 'मी ठीक आहे' म्हणाला तरी डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सुटका नाही. पाठीला दुखापत असल्याची शंका असेल तर वेगळं पथक येतं. एक जण फक्त डोकं धरतो आणि पूर्ण वेळ सोडत नाही, बाकीचे त्याच्या शब्दावर हलतात. फॉर्म्युला वनमध्ये तर सीटच ड्रायव्हरसकट उचलता येते.

विजेचा धोका नवीन आहे. आताच्या रेसगाड्यांत मोठी बॅटरी असते. २००८ साली स्पेनमध्ये चाचणीच्या वेळी एका मेकॅनिकला गाडीला नुसता हात लावल्यावर झटका बसला होता. म्हणून गाडीवर आणखी एक दिवा असतो: हिरवा असेल तर हात लावा, लाल असेल किंवा काहीच दिसत नसेल तर दूर राहा. ड्रायव्हर अशा गाडीतून उतरत नाही, दोन्ही पायांनी उडी मारतो. एक हात गाडीवर आणि एक पाय जमिनीवर असं झालं, की वीज त्याच्या शरीरातून वाट काढते.

मार्शलचं काय? तो तर साध्या कपड्यांत, कठड्याच्या मागे, दिवसभर उन्हात. २००० साली मोंझाला पावलो जिझ्लिम्बेर्ती आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नला ग्रॅहम बेव्हरिज हे दोन मार्शल उडालेल्या चाकांनी गेले. मेलबर्नला चाक जाळीतल्या ये-जा करायच्या फटीतून आरपार आलं. चाकं गाडीला मजबूत दोरांनी बांधायचा नियम तोवर आलेला होता, पण दोर एकच असायचा. नंतर ते दुप्पट झाले. दुप्पट केले म्हणून चाकं सुटायची थांबली नाहीत, कमी झाली. जाळीतल्या फटीही नव्याने आखल्या गेल्या. आणि २०१३ साली मॉन्ट्रियलला मार्क रॉबिन्सन गेले ते शर्यत संपल्यावर. बंद पडलेली गाडी क्रेनवर टांगून परत नेताना खाली पडलेला रेडिओ उचलायला ते वाकले, अडखळले आणि क्रेनगाडीच्या चाकाखाली आले. शर्यत संपली की माणसं सैल होतात, हे कुठल्याही कारखान्यात काम केलेल्याला सांगायला नको.

यांतले बहुतेक लोक पगारी नसतात. सुट्टी काढून, स्वतःच्या खर्चाने येणारे स्वयंसेवक असतात. भारतात २०११ ते २०१३ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन झालं, तेव्हा आपल्याकडच्या शेकडो लोकांनी हे शिक्षण घेतलं. पहिल्याच सराव सत्रात ट्रॅकवर कुत्रा आला आणि सत्र थांबवावं लागलं. बातमी हसण्यावारी गेली, पण थांबवणं बरोबरच होतं.

आपल्याकडचं दुःखही ताजं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास सर्किटवर मोटरसायकल शर्यतीत १३ वर्षांचा एक मुलगा पडला आणि गेला. उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. मोटरसायकलवाल्याभोवती ना पिंजरा असतो ना हेलो. तो पडला की ट्रॅकवर उघडा असतो आणि मागचे सगळे त्याच रेषेत येत असतात. म्हणजे दुसऱ्या अपघाताचा धोका तिथे सगळ्यात मोठा. आणि तरी लहान मुलांच्या शर्यती पुष्कळदा कमी माणसांवर, कमी खर्चात उरकल्या जातात. यावर माझं मत ठाम आहे: माणसं आणि डॉक्टर पुरेसे नसतील तर ती शर्यत भरवू नये.

रेसिंगमधलं यातलं किती आपल्या रस्त्याला लागू पडतं? बरंच. इंदूरच्या बायपासवर किंवा ए. बी. रोडवर मानपूरच्या घाटात अपघात झाला की दहा माणसं एकदम धावतात, गाड्या वाटेल तशा उभ्या राहतात, कुणीतरी जखमीचं हेल्मेट उपसतो, कुणी त्याला काखेत हात घालून उभा करतो. मदतीची ओढ खरी असते. क्रम उलटा असतो. आधी आपली गाडी पुढे नेऊन कडेला लावा, धोक्याचे दिवे चालू करा, आणि एकाला मागे, बऱ्याच अंतरावर, येणाऱ्या वाहनांना हात दाखवायला पाठवा. १०८ किंवा ११२ ला फोन एकानेच करा आणि जागा नेमकी सांगा. जखमी श्वास घेत असेल आणि आग नसेल तर हेल्मेट काढू नका, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि त्याच्याशी बोलत राहा. मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटर वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षण दिलेलं आहे. पोलिसांच्या भीतीने पाठ फिरवायचं कारण उरलेलं नाही.

आणि ज्यांची मुलं पीथमपूरला किंवा आणखी कुठे ट्रॅकवर उतरणार असतील, त्यांनी संमतीपत्रावर सही करण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्या. मार्शलांना शिक्षण कुणी आणि कधी दिलं? ट्रॅकवर डॉक्टर प्रत्यक्ष हजर असणार की नुसती गाडी उभी राहणार? आणि रुग्णवाहिका एका जखमीला घेऊन इंदूरकडे निघून गेली, तर दुसरी येईपर्यंत शर्यत थांबवणार का? तिसऱ्या प्रश्नावर आयोजक अडखळला, तर सही करू नका.